विमान आपले, इंजिन परक्याचे

(नाशिक येथे झालेल्या एका व्याख्यानाचा लेखी मजकूर)

'देशाचे संरक्षण आणि देशाचे अर्थकारण' असा विषय संयोजकांनी मला दिला. विषय एवढा विस्तीर्ण आहे की त्यावर तासभर बोलूनही श्रोत्यांच्या हाती काही न लागण्याचा धोका असतो. म्हणून मी सगळा विषय सोडून एकाच वस्तूविषयी बोलण्याचे ठरविले आहे. ती वस्तू म्हणजे 'तेजस' हे लढाऊ विमान.

ही निवड करण्याला दोन कारणे आहेत. पहिले कारण तुमच्या गावाचे आहे. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेजसच्या सुधारित आवृत्तीचे, म्हणजे मार्क-१ए चे, नाशिकला तयार झालेले पहिले विमान ओझरच्या धावपट्टीवरून उडाले. दुसरे कारण खाजगी आहे. १९८३ साली मी अर्थशास्त्र घेऊन एम.ए. झालो आणि त्याच वर्षी भारत सरकारने या विमानाच्या प्रकल्पाला ५६० कोटी रुपयांची मंजुरी दिली. माझी सारी नोकरी होऊन गेली, मी निवृत्तही झालो, आणि हे विमान अजून पुरते वायुदलाच्या हाती यावयाचे आहे. एखाद्या वस्तूच्या जडणघडणीत एका माणसाचे कामाचे सारे आयुष्य मावते, तेव्हा ती वस्तू तिच्या किमतीपलीकडे काही सांगू पाहत असते, असे मला वाटते.

मी अभियंता नाही आणि सैनिकही नाही. परंतु पैसा कोठे गेला, त्याच्या बदल्यात समाजाने काय मिळविले आणि काय शिकले, हे विचारण्याचा अधिकार अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला आहे. प्रत्येक करदात्यालाही तो आहे.

आरंभीच एक कबुली देतो. बंदुका आणि लोणी यांची ती प्रसिद्ध वक्ररेषा मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढली आणि मुलांना सांगत आलो की विमानावर खर्च झालेला प्रत्येक कोटी रुपया म्हणजे न बांधलेली शाळा. ते चूक नव्हते, पण अपुरे होते. आपल्या देशाने स्वतःच्या विमानावर, आणि विशेषतः त्याच्या इंजिनावर, जो पैसा वाचविला त्याच्या शाळा झाल्या नाहीत. तो पैसा पुढे कैकपटींनी फुगून परदेशी कारखान्यांकडे गेला. आपण लोणी तर मिळविले नाहीच. बंदूकही दुसऱ्याची घेतली आणि दुसऱ्याच्या अटींवर घेतली. आज मला एवढेच मांडावयाचे आहे.

गोष्ट जुन्या काळापासून सुरू करावी लागेल. बंगळूरचा विमानांचा कारखाना डिसेंबर १९४० मध्ये काढला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी, म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने. युद्धकाळात, १९४२ मध्ये, सरकारने त्याचा कारभार आपल्या हाती घेतला. स्वातंत्र्यानंतर त्याच कारखान्यात डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान आखले आणि १९५१ साली ते उडाले. कोल्हापूरकडच्या या माणसाने जर्मनीत गॉटिंगेन येथे प्रांट्ल यांच्यासारख्या महापंडिताच्या हाताखाली वायुगतिकीचे अध्ययन केले होते. तात्पर्य, आपल्याकडे बुद्धीचा दुष्काळ कधीच नव्हता.

१९५६ साली पंडित नेहरूंच्या सरकारने कुर्ट टँक या जर्मन आरेखकाला बंगळूरला बोलाविले. दुसऱ्या महायुद्धातले फोके-वुल्फ १९० हे गाजलेले विमान त्यांचे. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय तरुण अभियंत्यांनी 'मारुत' हे लढाऊ जेट विमान आखले. १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी त्याचे पहिले उड्डाण केले. त्या काळात एखाद्या नवस्वतंत्र आशियाई देशाने हे करावे ही लहान गोष्ट नव्हती. विमानाचा सांगाडा इतका नेटका होता की ध्वनीच्या दुप्पट वेगाची आकांक्षा धरूनच तो रेखाटलेला होता.

पण मारुत ध्वनीच्या वेगाच्या उंबरठ्याशीच घुटमळत राहिले. कारण एकच, इंजिन. ब्रिटिश ऑर्फियस इंजिनाची आफ्टरबर्नर असलेली एक अधिक ताकदीची आवृत्ती या विमानासाठी धरली होती. ब्रिटनला आणि त्याच्या मित्रराष्ट्रांना तिची गरज उरली नाही, तेव्हा तिचे काम थांबले. ते पुरे करावयाचे तर खर्च भारताने सोसावा, असे सांगण्यात आले. आपण नकार दिला. त्यावेळची परकीय चलनाची ओढाताण पाहता तो नकार समजण्यासारखा आहे. परंतु त्याचे परिणाम आपण भोगले. ऑर्फियसच्या साध्या आवृत्तीची दोन इंजिने बसवून मारुत तयार झाले. मग पर्यायांची शोधाशोध सुरू झाली. सोव्हिएत इंजिन पाहून झाले. इजिप्तमध्ये तयार होत असलेल्या इंजिनाची चाचणी मारुतच्याच एका सांगाड्यावर घेण्यात आली. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तोही प्रयत्न बारगळला. मग आपल्याच शास्त्रज्ञांनी ऑर्फियसला आफ्टरबर्नर जोडण्याचा प्रयोग केला. अशा एका विमानाच्या उड्डाणात १० जानेवारी १९७० रोजी अपघात झाला आणि ज्यांनी मारुत पहिल्यांदा आकाशात नेले होते त्या ग्रुप कॅप्टन सुरंजन दास यांचाच त्यात अंत झाला.

मारुत निरुपयोगी मात्र नव्हते. १९७१ च्या युद्धात राजस्थान-सिंध आघाडीवर त्याने जमिनीवरील लक्ष्यांवर चांगले हल्ले केले. एक इंजिन निकामी होऊनही विमान तळावर परतल्याची उदाहरणे आहेत. एकूण १४७ मारुत बांधली गेली. त्यानंतर खरे नुकसान झाले. मारुतच्या पुढचे विमान कोणी मागितले नाही. टँक १९६७ पर्यंत मायदेशी परतले, आखणी करणारा गट पांगला, तरुण अभियंते म्हातारे झाले किंवा दुसरीकडे गेले. १९६१ मध्ये पहिले लढाऊ विमान उडविणाऱ्या देशाने दुसरे उडविले ते २००१ मध्ये. मध्ये चाळीस वर्षे गेली. ज्या घरात चाळीस वर्षे चूल पेटली नाही, तेथे स्वयंपाक शून्यापासूनच शिकावा लागतो.

ही चाळीस वर्षे आपण स्वस्थ बसलो होतो असे मात्र नाही. या जिल्ह्यातले ज्येष्ठ नागरिक ते जाणतात. मिग-२१ घेण्याचा निर्णय १९६२ साली झाला आणि त्यांच्या परवाना-उत्पादनासाठी नवे कारखाने उभे राहिले: विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसात कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक सामग्री हैदराबादला. निफाड तालुक्याच्या द्राक्षबागांवरून मिगचा आवाज घुमू लागला. हजारो कुटुंबे या कारखान्याच्या पगारावर उभी राहिली, त्यांची मुले शिकली. माझ्या वर्गातही त्यांतली काही होती. मिगनंतर सुखोई-३० ही विमानेही येथेच बांधली गेली. सार्वजनिक क्षेत्राने मागास भागात काय करावे, याचे ते एक चांगले उदाहरण आहे. त्या श्रमांविषयी मला आदरच आहे.

पण परवान्याखाली उत्पादन करणे आणि स्वतः निर्मिती करणे यांत अंतर आहे. परवान्याबरोबर नकाशे येतात, यंत्रे येतात, कोणता भाग कसा कापावा, किती तापवावा, याच्या सूचना येतात. तो भाग तसाच का आणि तेवढाच का तापवावयाचा, हे येत नाही. आपल्याकडे घरोघर दही लावतात. पण विरजण दररोज शेजारच्या घरून आणावे लागत असेल, तर ज्या दिवशी शेजारी दार लावून घेतो त्या दिवशी दूध असूनही दही होत नाही. कोरापूटच्या कारखान्याने सहा दशकांत रशियन बनावटीची इंजिने मोठ्या संख्येने बांधली. त्यांतून आपल्या मालकीचे एकही लढाऊ विमानाचे इंजिन जन्माला आले नाही. हा दोष कामगारांच्या हातांचा नाही. त्या हातांना प्रश्न विचारण्याचे काम कोणी दिलेच नाही.

कोणी म्हणेल, शेजारी कशाला दार लावील? पैसे दिले की माल मिळतो. याचे उत्तर १९७८ सालच्या एका प्रसंगात आहे. भारताला तेव्हा आत खोलवर मारा करणारे विमान हवे होते. स्वीडनचे 'व्हिगेन' विचारात होते. स्वीडन तटस्थ राष्ट्र, विक्रीस राजी. पण व्हिगेनचे इंजिन अमेरिकन इंजिनाच्या परवान्यावर बांधलेले होते. अमेरिकेने परवानगी नाकारली आणि व्यवहार संपला. आपण 'जॅग्वार' घेतले. विमान स्वीडनचे होते, खरेदीदार भारत होता. नकार मात्र तिसऱ्याच देशाचा चालला. ज्याचे इंजिन त्याचा लगाम, हा या धंद्याचा नियम आहे. तो व्यापाराच्या पाठ्यपुस्तकांत लिहिलेला नसतो.

आता तेजसकडे येऊ. जुन्या मिगची जागा घेणारे हलके विमान हवे, म्हणून हा प्रकल्प सुरू झाला. १९८४ मध्ये त्यासाठी वैमानिकी विकास संस्था स्थापन झाली. डॉ. कोटा हरिनारायण यांच्याकडे त्याची धुरा आली. ४ जानेवारी २००१ रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी पहिले उड्डाण केले. २००३ मध्ये 'तेजस' हे नाव मिळाले. जुलै २०१६ मध्ये वायुदलाची पहिली तुकडी उभी राहिली, तीही अवघ्या दोन विमानांनिशी.

या विमानाची करामत कशात आहे, हे सामान्य माणसाला समजेल अशा शब्दांत सांगतो. लांबी सुमारे तेरा मीटर, पंखांचा विस्तार सुमारे आठ मीटर, म्हणजे आजच्या लढाऊ विमानांत हे आकाराने लहानच. शेपटीचे आडवे पंख नाहीत. ते मुद्दामच अस्थिर आखलेले आहे. सायकल जशी उभी राहू शकत नाही आणि म्हणूनच चपळपणे वळते, तशातला हा प्रकार. मनुष्याच्या हाताला ते सांभाळणे अशक्य असल्याने चार समांतर संगणकीय मार्ग क्षणोक्षणी त्याचा तोल राखतात. एक मार्ग बिघडला तरी उरलेले काम चालवितात. सांगाड्याचा सुमारे पंचेचाळीस टक्के भाग धातूचा नसून कार्बन तंतूंच्या संमिश्र पदार्थाचा आहे. त्यामुळे वजन घटते आणि गंज लागत नाही. वेग ध्वनीच्या दीडपटीहून थोडा अधिक. शस्त्रे व इंधनाच्या जादा टाक्या लावण्यास आठ जागा आहेत.

यांतली संगणकीय नियंत्रणाची कथा मला विशेष मोलाची वाटते. हे काम आपले अभियंते एका अमेरिकन कंपनीच्या सहकार्याने करीत होते. मे १९९८ मध्ये पोखरणच्या चाचण्या झाल्या, अमेरिकेने निर्बंध घातले, आपल्या माणसांना तेथून परतावे लागले आणि सामग्रीही अडकून पडली. सर्वांना वाटले, प्रकल्प संपला. पण ते काम बंगळूरला नव्याने उभे करण्यात आले आणि अडीच-पावणेतीन वर्षांत विमान उडाले. नियंत्रणाच्या दोषामुळे तेव्हाच्या चाचणी-उड्डाणांत एकही विमान गमावले नाही. ज्या गोष्टीचे मूळ 'का' आपल्या माणसांना कळले होते, ती निर्बंधांनी थांबली नाही. ज्या गोष्टीचे कळले नव्हते, ती मात्र एका परक्या कारखान्याच्या वेळापत्रकावर आजही अडून राहते. ती गोष्ट म्हणजे पुन्हा इंजिनच.

तेजसमध्ये अमेरिकन बनावटीचे एफ-४०४ इंजिन आहे. ती तात्पुरती सोय मानलेली होती. स्वदेशी 'कावेरी' इंजिनाला मार्च १९८९ मध्ये ३८२.८१ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली आणि १९९६ अखेर काम पुरे व्हावयाचे होते. झाले नाही. ८१ किलोन्यूटन रेटा हवा होता, सत्तरच्या आसपास मिळाला. वजन अकराशे किलो असावयास हवे होते, ते बाराशेवर गेले. पुरेशा उंचीवरच्या स्थितीत इंजिन तपासण्याची सोय देशात नव्हती. त्यासाठी कावेरी रशियाला न्यावी लागली आणि २०१० साली तेथल्या मोठ्या विमानावर बांधून तिचे उड्डाण झाले. त्याआधी २००८ मध्येच कावेरी आणि तेजस यांची फारकत झाली होती. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी या साऱ्यावर कडक ताशेरे ओढले आणि ते योग्यच होते.

इंजिन इतके अवघड का असावे? मोठ्या तंत्रज्ञानाच्या गोष्टी न करता एकच सांगतो. आधुनिक जेट इंजिनात टर्बाइनच्या पात्यांवर आदळणाऱ्या वायूचे तापमान, ते पाते ज्या मिश्रधातूचे असते त्याच्या वितळण्याच्या बिंदूहून अधिक असते. तरीही ते वितळता कामा नये आणि मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या ताणाखाली लांबताही कामा नये. त्यासाठी सबंध पाते एकाच स्फटिकाचे वाढवावे लागते, त्याच्या पोटातून केसासारख्या वाटांनी थंड हवा खेळवावी लागते, वर चिनी मातीच्या जातीच्या पदार्थाचा पातळ लेप द्यावा लागतो. ओतकाम मुळात मेणाचा नमुना करण्याचेच आहे. आपले मूर्तिकार शतकानुशतके ते करीत आले. पण एवढ्या सूक्ष्मतेने ते साधण्यासाठी हजारो पाती ओतून फेकून द्यावी लागतात, शेकडो इंजिने चाचणीत जाळावी लागतात, आणि प्रत्येक अपयशाची नोंद सांभाळणारी माणसे तीस-चाळीस वर्षे एका जागी टिकवावी लागतात. ही विद्या अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया यांनी पिढ्यान्‌पिढ्या साठविली. चीनसारख्या देशालाही तिच्यासाठी दशके वेचावी लागली. तोवर त्याने रशियन इंजिनेच वापरली.

आता हिशेब पाहा. कावेरीवर तीस-पस्तीस वर्षांत झालेला खर्च सुमारे दोन हजार कोटी रुपये आहे. २०२१ साली मार्क-१ए साठी ९९ अमेरिकन इंजिने मागविली, त्यांची किंमत ५,३७५ कोटी. २०१६ साली फ्रान्सकडून ३६ राफेल विमाने घेतली ती सुमारे ५९ हजार कोटींना. वेगवेगळ्या वर्षांचे रुपये एकाच तराजूत घालू नयेत, हे मी मुलांना शिकविले आहे. म्हणून भाववाढीची वजावट तुम्ही मनाने करा. तरीही प्रमाण लपत नाही. महालेखापरीक्षकांनी कावेरीचा पैसा वाया गेला म्हटले की वृत्तपत्रांत मथळे येतात. मात्र मुळातच तो किती थोडा होता, हे कोणी विचारीत नाही. आपण उधळपट्टीही केली नाही आणि पुरेसा खर्चही केला नाही. विहीर अर्धी खणून सोडणाऱ्याचा सारा खर्च पाण्यात जातो, आणि पाणी तर लागतच नाही.

त्या परक्या इंजिनांचे पुढे काय झाले, तेही पाहू. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ मार्क-१ए विमानांचा सुमारे ४८ हजार कोटींचा करार झाला. पहिले विमान मार्च २०२४ अखेर द्यावयाचे होते. अमेरिकन कंपनीचे पहिले इंजिनच मार्च २०२५ मध्ये आले. सांगाडे तयार, कामगार तयार, धावपट्टी तयार, आणि विमान जमिनीवर. सगळा उशीर इंजिनाचाच होता असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. रडार, शस्त्रे, संगणकप्रणाली यांची कामेही रेंगाळली. २०१५ मध्येच महालेखापरीक्षकांनी दाखविले होते की सत्तर टक्के स्वदेशी म्हणून सांगितलेल्या तेजसचा स्वदेशी हिस्सा पस्तीस टक्क्यांच्या आसपास आहे. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांचा ६२,३७० कोटींचा करार झाला आणि त्यामागोमाग अमेरिकेकडून आणखी ११३ इंजिनांचा करार करावा लागला.

या उशिराची किंमत केवळ रुपयांत नसते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ ला निरोप देण्यात आला, तेव्हा वायुदलाकडे मंजूर ४२ तुकड्यांऐवजी २९ उरल्या. मिग-२१ ने बासष्ट वर्षे सेवा केली. एवढी वर्षे ते ठेवावे लागले, कारण त्याची जागा घेणारे विमान आले नाही. २०१२ साली संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितले की घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत नष्ट झाली आणि १७१ वैमानिकांनी प्राण गमावले. प्रत्येक अपघाताचे कारण जुने विमान हे नव्हे. पण उशिराचा हिशेब मांडताना हा आकडा वगळणाऱ्याचे अर्थशास्त्र मला नको. तेजसही संकटांतून सुटलेले नाही. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी दुबईच्या प्रदर्शनात विंग कमांडर नमांश स्याल यांचा तेजस चालविताना मृत्यू झाला. अशा मृत्यूंचे सोहळे करणे आणि त्यांचे राजकारण करणे, दोन्ही मला सारखेच अनुचित वाटते. कारणांची कसून चौकशी व्हावी आणि तिचा जेवढा भाग सांगता येईल तेवढा देशाला सांगावा, हाच त्यांचा मान.

आता माझ्या विषयातली एक जुनी गोष्ट. १९३६ साली टी. पी. राइट या अमेरिकन अभियंत्याने विमानांच्या कारखान्यांतले आकडे तपासून एक नियम मांडला: बांधलेल्या विमानांची एकूण संख्या दुप्पट झाली की दर विमानामागे लागणारे श्रम सुमारे पाचव्या हिश्शाने कमी होतात. १९६२ साली केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने काम करता करता शिकण्याचा आपला प्रसिद्ध सिद्धांत मांडला, तेव्हा त्याने याच निरीक्षणाचा आधार घेतला. याचा अर्थ असा की ज्ञान हाताने काम करीत असताना वाढते आणि काम थांबले की ओसरते. आपण तेजसची मागणी कशी नोंदविली? २००६ मध्ये वीस, २०१० मध्ये आणखी वीस. एवढ्या थोड्या संख्येसाठी कोणता पुरवठादार यंत्रे बसवील? किंमत चढली की वायुदल म्हणे, महाग आहे. मागणी थोडी म्हणून किंमत चढे. या चक्रात वायुदल, कारखाना, संशोधन संस्था आणि मंत्रालय एकमेकांकडे बोट दाखवीत राहिले. चौघेही सरकारचेच असताना चौघांना एका टेबलाशी बसविणारे कोणी नव्हते. हा नियोजनाचा अतिरेक नव्हे, हा नियोजनाचा अभाव आहे. ओझरला सुखोईचे काम संपत आले आणि तेजसचे सुरू व्हावयाचे होते, त्या मधल्या काळात तेथला एक जुना कामगार मला म्हणाला होता की हाताला काम नसले की हातच काम विसरतो. ॲरोचा सिद्धांत याहून वेगळे काही सांगत नाही.

माझ्या म्हणण्यावर काही आक्षेप येतील. पहिला: जगात श्रमविभाग आहे, सगळेच सगळ्यांनी का करावे? स्वीडननेही आपल्या 'ग्रिपेन' विमानात अमेरिकन इंजिनच बसविले. खरे आहे. पण स्वीडनने तो निर्णय डोळे उघडे ठेवून घेतला. त्या इंजिनात स्वतः बदल केले, आणि आपल्या विक्रीवर दुसऱ्याचा अधिकार राहील हे पत्करले. दीडशे कोटींच्या, दोन सीमा अशांत असलेल्या देशाने तेच पत्करावे काय, हा प्रश्न आहे. पत्करावयाचे असेल तर तसे उघड सांगावे आणि 'आत्मनिर्भर' हा शब्द भाषणांतून काढावा.

दुसरा आक्षेप माझ्याच मित्रांचा: गरीब देशाने शस्त्रांवर बोलूच नये, शांततेवर बोलावे. शांततेचे मोल मी कमी लेखीत नाही. शेजाऱ्यांशी सलोखा हा कोणत्याही विमानाहून स्वस्त आणि टिकाऊ संरक्षणाचा मार्ग आहे. पण सलोखा होईपर्यंत विमाने घेतली जाणारच आहेत, हे वास्तव आहे. ती घ्यावयाचीच तर त्यांतला रुपया ओझर, कोरापूट, बंगळूरच्या हातांत, धातुशास्त्राच्या प्रयोगशाळांत आणि आयटीआयच्या वर्गांत फिरावा, की परदेशी तिजोरीत जाऊन तेथेच थांबावा, एवढीच निवड उरते. ज्या भट्टीत टर्बाइनचे पाते ओतता येते, तिच्याजवळ वीजकेंद्राच्या टर्बाइनचे पातेही ओतता येते.

तिसरा आक्षेप: सार्वजनिक क्षेत्राला हे जमणार नाही, सारे खाजगीकडे द्या. खाजगी कारखाने आज तेजसचे अनेक भाग बांधतात, ते चांगलेच आहे. पण ज्या कामात पहिली वीस वर्षे केवळ अपयश पदरी पडणार आहे, त्यात नफ्यासाठी चालणारे भांडवल एकट्याने उतरत नाही. ज्या देशांना इंजिन साधले, तेथे प्रत्येक ठिकाणी राज्यसंस्थेने दशकानुदशके पैसा ओतला आहे.

म्हणून माझे मागणे थोडके आहे. एक: इंजिनाच्या संशोधनाला दहा-वीस वर्षांची बांधिलकी असलेला निधी मिळावा, जो दर अर्थसंकल्पात कापला जाणार नाही. दोन: उंचीवरच्या चाचण्यांची प्रयोगशाळा आणि चाचणीचे उडते विमान देशात उभे राहावे. तीन: विमानांची मागणी सलग नोंदवावी, म्हणजे शिकलेले हात रिकामे राहणार नाहीत. चार: स्वदेशी हिस्सा, उशीर आणि अपयश यांचा अहवाल दरवर्षी संसदेपुढे यावा. परदेशी कंपन्यांशी नव्या इंजिनाच्या सहकार्याची बोलणी २०२३ पासून चालली आहेत. त्यांत टक्केवारी किती मिळाली हे विचारू नका. पाते ओतण्याचे 'का' मिळाले की फक्त 'कसे', हे विचारा. आणि कावेरीच्या अपयशाची नोंद टाकून देऊ नका. तिची आफ्टरबर्नर नसलेली आवृत्ती मानवरहित विमानासाठी आज तपासली जात आहे. म्हणजे ती विहीर अजून बुजलेली नाही.

मित्रहो, १९६१ साली आपल्याजवळ विमान होते, इंजिन नव्हते. २०२५ सालीही तेच चित्र राहिले. या दोन तारखांच्या मध्ये सरकारे सर्व रंगांची आली आणि गेली, तेव्हा दोष एकाच पक्षाच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. पुढच्या वेळी ओझरवरून तेजस जाईल तेव्हा मुलांना वर बोट करून अवश्य दाखवा. अभिमान वाटावा असेच ते आहे. मात्र जो आवाज तुमच्या कानांवर पडेल तो परदेशातून आलेल्या इंजिनाचा असेल, हेही त्यांना सांगा. त्यांच्यापैकी एखाद्याला तो आवाज आपला करावासा वाटला, तर त्याला चाळीस वर्षे टिकेल अशी प्रयोगशाळा देणे हे तुमचे-आमचे काम आहे.